शिकारीच्या आड आलेलीं माणसें

नाताळचा दुसरा दिवस, म्हणजे डिसेंबरची २६ तारीख, ही इंग्लंडच्या ग्रामीण भागांत शिकारीची मोठी पर्वणी मानली जात असे. कचेऱ्या बंद, आदल्या दिवशींच्या मेजवानीचें जडपण अंगांत, आणि गांवच्या चौकांत लाल डगल्यांतले घोडेस्वार, त्यांच्या हातांत मद्याचे लहान पेले, घोड्यांच्या पायांतून शेपट्या हलवीत हिंडणारे पंधरा-वीस जोड्या कुत्रे. शिकारी कुत्रे तेथें एकेक करून मोजीत नाहींत, जोडीनें मोजतात. १९६३ सालीं डेव्हन परगण्यांत टॉर्की येथें याच दिवशीं असा मेळा भरला असतां त्यांत कांहीं अनाहूत माणसें येऊन मिसळलीं. त्यांच्याजवळ घोडे नव्हते, चाबूकही नव्हते. त्यांनीं कुत्र्यांसाठीं मांस आणलें होतें, आणि शिकाऱ्याजवळ असतें तसलेंच आखूड शिंग आणलें होतें. भरल्या पोटाचा कुत्रा धांवण्यास नाखूष असतो. आणि दोन दिशांनीं दोन शिंगें वाजूं लागलीं म्हणजे आपला धनी कोणता हें त्याला कळेनासें होतें. त्या दिवशींच्या शिकारीचा बेत फिसकटला. पुढें साठ वर्षें इंग्लंडच्या शेताबांधांवर, न्यायालयांत आणि अखेर पार्लमेंटांत जो झगडा चालला, त्याची ही पहिली चकमक.

ज्या प्राण्यावरून हा झगडा झाला त्याच्याविषयीं प्रथम एक खुलासा केला पाहिजे. मराठींत ज्याला कोल्हा म्हणतात, जो रात्रीं उंसाच्या मळ्याआडून कोल्हेकुई करतो, तो विलायती कोल्हा नव्हे. विलायती कोल्हा तांबूस रंगाचा, निमुळत्या तोंडाचा, झुपकेदार शेपटीचा. आपल्या माळरानावरील खोकड हा त्याचा खरा भाऊबंद. इसापनीतीच्या भाषांतरकारांनीं त्याला कोल्हा केलें आणि तेंच नांव रूढ झालें. हिंदुस्थानांत आलेल्या इंग्रज अंमलदारांना त्या तांबड्या कोल्ह्याची उणीव फार भासे. पेशावरास, उटीच्या पठारावर, पुण्या-खडकीच्या छावणीभोंवतीं त्यांनीं विलायतेहून कुत्रे आणवून आपल्या कोल्ह्यावरच भूक भागवून घेतली. लाल डगला, शिंग, आरोळ्या, सर्व कांहीं तसेंच; बदललें तें फक्त सावज.

हा खेळ अनादि आहे असें त्याचे अभिमानी म्हणत, परंतु ज्या रूपांत तो प्रसिद्ध झाला तें रूप अठराव्या शतकांतलें आहे. त्यापूर्वीं सरदार-दरकदारांची खरी शिकार हरणाची. कोल्हा म्हणजे कोंबड्या चोरणारा क्षुद्र प्राणी; त्याला गांवकऱ्यांनीं काठीनें किंवा सापळ्यानें मारावें, थोरामोठ्यांनीं त्याच्या मागें धांवूं नये. पुढें जंगलें तुटलीं, हरणें दुर्मिळ झालीं, आणि लेस्टरशायर परगण्यांत ह्यूगो मेनेल नांवाच्या जमीनदारानें क्वॉर्न येथील आपल्या कुत्र्यांची पैदास अशी सुधारली कीं त्यांचें नाक तीक्ष्ण राहून पायांना वेग आला. मेनेलनें सुमारें अर्धशतक, १८०० सालापर्यंत, हा उद्योग केला. त्याच काळांत गांवोगांवच्या सामाईक जमिनी कुंपणें घालून खाजगी करण्यांत येत होत्या. त्या कुंपणांवरून घोडा उडविणें हा एक नवा थरार हातीं आला. ज्या कुंपणांनीं गरिबाची गायराण हिरावली, तींच श्रीमंताच्या घोड्याला खेळणें झालीं, हें जातां जातां लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

खेळाची रीत अशी. कोल्हा रात्रीं भक्ष्यासाठीं बाहेर पडला कीं माणसें जाऊन त्याचीं बिळें बुजवून येत, म्हणजे पहांटे परतल्यावर त्याला घर बंद. सकाळीं कुत्रे झुडपांत सोडीत. कोल्हा उठला कीं आरोळी होई, शिंग वाजे, आणि पुढें कोल्हा, मागें नाक जमिनीला लावून भुंकणारे कुत्रे व त्यांच्यामागें पन्नास-शंभर घोडे, अशी धांव मैलोन् मैल चाले. कुत्रा डोळ्यांनीं शिकार करीत नाहीं, वासानें करतो, म्हणून हवा दमट व थंड असणें अगत्याचें. कोल्हा एखाद्या उघड्या बिळांत शिरलाच तर लहान टेरिअर कुत्रा आंत घालून, वरून कुदळीनें खणून, त्याला बाहेर काढीत. अखेर शेपूट व मुंडकें बक्षीस म्हणून वांटण्यांत येई, आणि नवशिक्या मुलामुलींच्या गालांना कोल्ह्याचें रक्त फांसून त्यांना दीक्षा देण्यांत येई.

कोल्हा उपद्रवी आहे, तो कोंकरें व कोंबड्या नेतो, म्हणून त्याचा नाश आवश्यक आहे, असें समर्थन नेहमीं केलें जाई. त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकांत कोल्हे कमी पडूं लागले तेव्हां याच शिकारी मंडळांनीं परदेशांतून कोल्हे आणवून सोडले. लंडनच्या लेडनहॉल बाजारांत जिवंत कोल्हे विकत मिळत. त्यांच्या वस्तीसाठीं मुद्दाम काटेरी झुडपांचीं बनें लावण्यांत आलीं. एखाद्या शेतकऱ्यानें कोल्हा बंदुकीनें मारला तर त्याच्याकडे जणु कांहीं महापातक्याप्रमाणें पाहिलें जाई. ज्याचा नाश करावयाचा त्याला विकत आणून पाळण्याची ही तऱ्हा तर्काच्या चौकटींत बसविणें कठीण आहे. दुसरें समर्थन अधिक सच्चें होतें. शिकारीच्या पागा व श्वानशाळा यांवर खेड्यांतील कितीएकांचा चरितार्थ चाले. शेतकऱ्याचें जनावर मेलें तर कुत्र्यांच्या खाण्यासाठीं तें मंडळाची माणसें येऊन घेऊन जात. आणि हिवाळ्याच्या ओसाड महिन्यांत चार माणसें एकत्र जमण्याचें तेंच निमित्त होतें. शहरांतून आलेल्या विरोधकांना हें पुष्कळदां दिसलें नाहीं.

मुक्या प्राण्यांच्या छळाविरुद्ध कायदा करण्यांत इंग्लंड पुष्कळ पुढें होतें. गुरांना क्रूरपणें वागविण्याविरुद्धचा कायदा १८२२ मध्यें झाला. बैलावर कुत्रे सोडण्याचा व कोंबड्यांच्या झुंजीचा खेळ १८३५ मध्यें बंद झाला. हे खेळ मुख्यतः गोरगरिबांच्या वस्तींतले. जमीनदाराचा खेळ मात्र शाबूत राहिला, आणि १९११ च्या मोठ्या कायद्यांतही रानटी जनावराची शिकार वगळण्यांत आली. या पक्षपातावर बोट ठेवणारा पहिला नेटाचा पुरुष म्हणजे हेन्री सॉल्ट. ईटनच्या सुप्रसिद्ध शाळेंतील शिक्षकाची नोकरी सोडून त्यानें साधें जीवन पत्करलें आणि १८९१ मध्यें मानवतावादी संघ काढला. राजघराण्याचा जो हरणाच्या शिकारीचा श्वानतांडा सरकारी खर्चानें पोसला जाई, तो १९०१ मध्यें बंद झाला. त्यासाठीं या संघानें दहा वर्षें लेखणी झिजविली होती. सॉल्टचें नांव हिंदी वाचकाला अपरिचित नसावें. लंडनांत कायदा शिकणाऱ्या मोहनदास गांधींच्या हातीं एका शाकाहारी खाणावळींत जें पुस्तक पडलें आणि ज्यामुळें ते बुद्धिपूर्वक शाकाहारी झाले, तें पुस्तक सॉल्टचें. १९३१ मध्यें गोलमेज परिषदेच्या वेळीं लंडनच्या शाकाहारी मंडळापुढें गांधीजींचें भाषण झालें, तेव्हां वृद्ध सॉल्ट त्यांच्या शेजारीं बसलेला होता.

सॉल्टनंतर १९२४ मध्यें क्रूर खेळांविरुद्धची लीग स्थापन झाली. तिची रीत अर्ज-विनंत्यांची, सभांची, पत्रकांची. महायुद्धानंतर मजूर पक्ष सत्तेवर आला तेव्हां १९४९ मध्यें शिकारीविरुद्ध दोन विधेयकें पार्लमेंटांत आलीं. खेड्यांतील मतदार दुखावूं नये म्हणून खुद्द मजूर सरकारच विरोधांत उभें राहिलें. एक विधेयक पडलें, दुसरें मागें घेण्यांत आलें; एक चौकशी-समिति नेमली गेली आणि तिनें १९५१ मध्यें असा अभिप्राय दिला कीं कोल्हे मारण्याच्या इतर बहुतेक उपायांपेक्षां ही शिकार कमी क्रूर आहे. अर्ज करणाऱ्यांची वाट येथें खुंटली.

आरंभीं सांगितलेल्या टॉर्कीच्या प्रसंगाचा अर्थ या पार्श्वभूमीवर कळतो. त्याचा प्रवर्तक जॉन प्रेस्टिज हा डेव्हनमधील ब्रिक्सम गांवचा तरुण पत्रकार. हरणाच्या शिकारीचें वृत्त घेण्यास तो गेला असतां कुत्र्यांनीं एका गाभण हरिणीला वस्तींत रेटून आणून मारलेलें त्यानें पाहिलें. वृत्त लिहून तो स्वस्थ बसला नाहीं. त्यानें शिकार मोडणाऱ्यांचा संघ काढला. कायदा होईल तेव्हां होवो, आज या शेतांत धांवणारा हा एक कोल्हा आज वांचला पाहिजे, एवढाच त्या संघाचा हिशेब.

हा हिशेब साधण्यासाठीं त्यांना शिकाऱ्याचीच विद्या शिकावी लागली. त्यांच्या उद्योगांतील खरी गंमत, आणि खरी मेहनत, ती ही. शिंगाचे निरनिराळे सूर असतात: कुत्र्यांना झुडपांत घालण्याचा एक, बाहेर बोलावण्याचा दुसरा, सावज उठल्याचा तिसरा, दिवस संपल्याचा चौथा. शहरांतील विद्यार्थी आणि कारकून घरीं बसून हे सूर घोटूं लागले. वारा कोणीकडून वाहतो, कोल्हा कोणत्या बांधानें निसटेल, हें त्यांना ओळखतां येऊं लागलें. कोल्हा दिसला कीं ओरडावयाचें नाहीं. तो जाऊं द्यावयाचा, आणि तो गेला त्या वाटेवर आडवें तेल शिंपडावयाचें. हें तेल बहुधा सिट्रोनेलाचें, म्हणजे आपल्या गवती चहाच्या एका जातभाईचें, जें आपल्याकडे डांस हांकलण्यासाठीं वापरतात. त्याच्या उग्र दर्पाखालीं कोल्ह्याचा वास बुडून जाई, कुत्रे गोंधळून थांबत, आणि त्या चार-पांच मिनिटांत कोल्हा पुढचें शेत गांठी. पुढें कांहीं तुकड्या कुत्र्यांच्या भुंकण्याचें ध्वनिमुद्रण मोठ्या आवाजांत वाजवून साऱ्या तांड्याला भलत्याच दिशेस नेऊं लागल्या. कांहींजण नुसते बिळाच्या तोंडाशीं बसून राहत, म्हणजे खणणाऱ्याला कुदळ मारतां येत नसे. कुत्र्यांना इजा करावयाची नाहीं, हा नियम होता.

शिकारी मंडळी यावर संतापली नसती तरच नवल. ज्यांच्या घराण्यानें शंभर वर्षें तीं शेतें तुडविलीं, त्यांना भाड्याच्या मोटारींतून आलेलीं पोरें आडवीं येत होतीं. चाबूक चालले, घोडे अंगावर घालण्यांत आले. उलट बाजूनेंही शिवीगाळ आणि हातघाई झाली. संघाचें धोरण अहिंसेचें होतें, परंतु त्यांतील कांहीं उतावळ्यांना तेवढ्यानें समाधान होईना. १९७२ मध्यें ल्यूटनच्या तुकडींतील रॉनी ली यानें वेगळा गट काढून शिकारी मंडळांच्या गाड्या निकामी करण्यास सुरुवात केली; पुढें जाळपोळ, तुरुंग, आणि १९७६ मध्यें प्राणिमुक्ति सेना असा तो मार्ग भलतीकडे गेला. शेतांत कोल्ह्याची वाट झांकणारा आणि रात्रीं आग लावणारा या दोघांना वर्तमानपत्रांनीं एकाच नांवानें हांक मारली, आणि त्याचें नुकसान पहिल्याला सोसावें लागलें.

मग दोन मृत्यु झाले. फेब्रुवारी १९९१ मध्यें चेशर परगण्यांत सशाच्या शिकारीच्या वेळीं कुत्र्यांच्या गाडीशीं झालेल्या अपघातांत १८ वर्षांचा एक तरुण ठार झाला. एप्रिल १९९३ मध्यें केंब्रिजशायरांत कुत्रे नेणाऱ्या गाडीच्या चाकाखालीं १५ वर्षांचा एक मुलगा गेला. शिकार मोडण्यास तो त्याच दिवशीं प्रथम आला होता. दोन्हीही प्रसंगीं कोणावर खुनाचा आरोप सिद्ध झाला नाहीं. शोकसभा झाल्या, मिरवणुकी निघाल्या, दगडही पडले. कोल्ह्याच्या जिवासाठीं माणसाचीं मुलें जावीं काय, असा प्रश्न दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना विचारूं लागले, आणि दोघांच्याही मनांत त्याचा अर्थ निराळा होता.

कायद्याची अडचण आणखी विचित्र होती. इंग्लंडमध्यें दुसऱ्याच्या जमिनींत शिरणें हा केवळ दिवाणी अपराध. त्यासाठीं पोलिसाला कोणाला धरतां येत नसे. 'आंत येणाऱ्यावर खटला होईल' अशा पाट्या शेतोशेतीं लागलेल्या असत, त्यांना वकील मंडळी थट्टेनें लांकडी थाप म्हणत. तेव्हां न्यायाधीशांनीं एक जुनें हत्यार काढलें: राजा तिसरा एडवर्ड याच्या अमदानींतला, १३६१ चा कायदा. फ्रान्समधील लढाया आटोपून परतलेल्या दांडग्या शिपायांना वठणीवर आणण्यासाठीं तो केलेला होता, आणि त्याखालीं माणसाकडून शांतता राखण्याचा व सद्वर्तनाचा जातमुचलका घेतां येत असे. १९९३ च्या मार्चमध्यें डॉर्सेट परगण्यांत पोर्टमन मंडळाच्या शिकारींत एका माणसानें शिंग फुंकलें आणि दुसऱ्यानें कुत्र्यांना हांका मारल्या. त्यांनीं कोणाला मारलें नव्हतें, धमकावलें नव्हतें; शांतताभंग झाला नाहीं हें वरच्या न्यायालयानेंही मान्य केलें. तरी कुत्र्यांना धोका झाला आणि हें वर्तन सदाचाराविरुद्ध आहे असें ठरवून प्रत्येकी शंभर पौंडांचा, वर्षभराचा मुचलका कायम करण्यांत आला. सदाचाराविरुद्ध म्हणजे काय, तर समाजांतील बहुसंख्य लोक ज्याला योग्य न मानतां अयोग्य मानतील तें.

हे दोघे स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले. नोव्हेंबर १९९९ मध्यें त्या न्यायालयानें निकाल दिला कीं 'सद्वर्तन' हा शब्द इतका मोघम आहे कीं कोणतें कृत्य टाळावें हें नागरिकाला त्यावरून कळूं शकत नाहीं. आणि शिंग फुंकणें हें, दुसऱ्याच्या उद्योगांत विघ्न आणणारें असलें तरी, मतप्रदर्शनच आहे. हा निकाल येईपर्यंत सरकारनें दुसरा दरवाजा बंद केलेला होता. १९९४ च्या फौजदारी कायद्यानें, दुसऱ्याच्या जमिनींत शिरून तेथील कायदेशीर कामांत अडथळा आणणें हा तीन महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरविला. मंत्र्यांच्या डोळ्यांपुढें मुख्यतः हेच लोक होते. 'कायदेशीर काम' या दोन शब्दांवर त्या कलमाची सारी मदार. शिकार हें कायदेशीर काम होतें, तोंपर्यंत ती भक्कम होती.

गांधीजी आणि सॉल्ट यांची आठवण असलेल्या माणसाला येथें सत्याग्रहाशीं तुलना करण्याचा मोह होतो. तुलना अर्धीच जुळते. अन्यायाच्या जागीं स्वतःचें शरीर आणून उभें करणें, हें साम्य खरें. परंतु सत्याग्रही आपलें नांव-गांव सांगतो आणि शिक्षा मागून घेतो. शिकार मोडणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं पुढें तोंडें झांकण्यास सुरुवात केली. घरावर हल्ले होतात, नोकऱ्या जातात, हें त्यांचें कारण खोटें नव्हतें. तरीपण झांकलेल्या तोंडानें त्यांची बाजू लोकांना पटवून देणें अवघड झालें, आणि शिकारी मंडळांना एक आयतें चित्र मिळालें.

१९९७ मध्यें मजूर पक्ष पुन्हा सत्तेवर आला. त्याच नोव्हेंबरांत शिकारबंदीच्या खाजगी विधेयकाला दुसऱ्या वाचनांत १५१ विरुद्ध ४११ मतें पडलीं, पण वेळ संपला म्हणून तें बुडालें. २००० सालीं बर्न्स समितीनें सांगितलें कीं शिकारींत कोल्ह्याच्या स्वास्थ्याची गंभीर हानि होते. स्कॉटलंडनें २००२ मध्यें आपला कायदा केला. त्याच सप्टेंबरांत लंडनच्या रस्त्यांवरून चार लाखांहून अधिक माणसें शिकारीच्या व ग्रामीण जीवनाच्या रक्षणासाठीं चालत गेलीं. शहर आपल्याला समजून घेत नाहीं ही त्यांची तक्रार केवळ कोल्ह्यापुरती नव्हती. लॉर्डांच्या सभेनें विधेयक पुनःपुन्हा अडविलें. अखेर सप्टेंबर २००४ मध्यें एक अपूर्व प्रकार घडला: शिकारीचे पांच कैवारी थेट कॉमन्स सभागृहांत घुसले आणि त्यांनीं चर्चा बंद पाडली. ज्यांनीं चाळीस वर्षें व्यत्ययाबद्दल फिर्याद केली, त्यांनींच पार्लमेंटच्या कामांत व्यत्यय आणला. नोव्हेंबरच्या १८ तारखेस, लॉर्डांची संमति डावलण्याची क्वचित वापरली जाणारी तरतूद उपयोगांत आणून, इंग्लंड व वेल्सपुरता कायदा संमत झाला आणि १८ फेब्रुवारी २००५ पासून तो अमलांत आला. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनीं पुढें आत्मचरित्रांत या कायद्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला, हेंही नमूद केलें पाहिजे.

कायद्याला पळवाटा होत्या. दोन कुत्र्यांनीं सावज उठवून बंदुकीपुढें आणणें चालतें, शिकारी पक्ष्यापुढें आणणेंही चालतें. म्हणून कांहीं मंडळांनीं घोड्यांच्या लवाजम्याबरोबर गरुड नेण्यास प्रारंभ केला. बहुतेकांनीं मात्र असें जाहीर केलें कीं आतां कोल्ह्याची शिकार नाहीं. एक माणूस आधीं जाऊन कृत्रिम वासाचा माग टाकतो आणि कुत्रे त्यामागें धांवतात. वाटेंत कोल्हा भेटला आणि कुत्रे त्याच्यावर गेले तर तो अपघात. मग शिकार मोडणाऱ्यांनीं खांद्यावर चित्रणाचीं यंत्रें घेतलीं. कालपर्यंत ज्यांच्यावर खटले होत, ते आतां खटल्यासाठीं पुरावा गोळा करूं लागले. २०२० च्या ऑगस्टमध्यें शिकारी मंडळांच्या वरिष्ठांनीं आपसांत दूरचित्राद्वारें शिकवणीचे वर्ग घेतले होते. त्यांचें चित्रण याच संघाच्या हातीं लागलें आणि त्यानें तें जगजाहीर केलें. एका पदाधिकाऱ्याला २०२१ मध्यें शिक्षा झाली, २०२२ मध्यें अपिलांत ती रद्दही झाली. तथापि मधल्या काळांत नॅशनल ट्रस्ट या मोठ्या भूधारक संस्थेनें आपल्या जमिनींवर अशा मागाच्या शिकारीस परवाने देणें कायमचें बंद केलें.

२०२३ मध्यें स्कॉटलंडनें नवा, अधिक कडक कायदा करून मागाची शिकारही बंद केली, आणि २०२४ च्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यांत मजूर पक्षानें इंग्लंड व वेल्समध्येंही तसेंच करण्याचें वचन दिलें. वादाचा मुद्दा तेव्हां अगदीं लहान झालेला होता. माग टाकण्यासाठीं कांहीं मंडळें कोल्ह्याचेंच मूत्र वापरीत. आणि जमिनीवर नाक टेकून धांवणाऱ्या कुत्र्याला बाटलींतून आलेला कोल्हा कोणता व झुडपांतून आलेला कोणता, हें कोणी शिकवूं शकत नव्हतें.